लोगोचा केशरी रंग छापल्यावर विटकरी का दिसतो?

प्रश्न: आमच्या कंपनीचा लोगो केशरी आहे, लेटरहेड छापून आलं तर रंग पार विटकरी, आणि निळ्या स्लाइडवर तोच जेपीजी टाकला की मागे पांढरा चौकोन दिसतो, काय करू?

उत्तर: जेपीजीत पारदर्शक बॅकग्राउंड राहतच नाही, स्लाइडला पीएनजी घ्या. छपाईला व्हेक्टर पीडीएफ (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांत साठवलेली फाइल), कितीही मोठा करा लोगो फाटत नाही.

उत्तर: रंगाचं कारण वेगळं आहे. स्क्रीन आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रकाश; प्रेस सीएमवायके, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी शाई; भडक केशरी त्या चार शायांत बसतच नाही हो. पॅन्टोन नंबर (ठरावीक छटेच्या शाईचा प्रमाणित क्रमांक) ठरवून प्रेसवाल्याला द्या, आणि आधी एक प्रूफ (नमुना प्रत) काढून बघाच.

उत्तर: व्हॉट्सअ‍ॅपवर लोगो फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.

प्रश्नकर्ता: फोटो म्हणूनच पाठवलेला! डिझायनरकडून मूळ फाइल आजच मागवतो, खूप आभार.