प्रतिसाद: १९६९ची शेव्हरोले कॅमारो, क्लच कोणता घ्यावा?

३५० घनइंची इंजिन, मन्सी चार स्पीड गिअरबॉक्स आणि गाडी फक्त रविवारी फिरवायला, असं म्हणताय ना? मग वर ज्यांनी सिरॅमिक पकवाला (प्लेटवर सिरॅमिकचे तुकडे असलेला) क्लच सुचवलाय त्यांचं ऐकू नका राव, तो ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला ठीक, सिग्नलला मात्र गाडी अशी धक्के देत निघते की बायको पुन्हा बसणार नाही. साधी ऑर्गॅनिक प्लेट आणि ती दाबून धरणारी डायफ्रॅम स्प्रिंगची प्रेशर प्लेट, रस्त्यावर एवढं भरपूर झालं.

पण ऑर्डर आधी करू नका, गिअरबॉक्स खाली उतरवा आणि इनपुट शाफ्टवरचे दाते (ज्यांवर क्लच प्लेट बसते) स्वतः मोजा. १९६९च्या एम२०, एम२१ला (हे मन्सीचेच प्रकार) १० असतात, १९७१पासूनच्या मन्सींना २६, आणि पन्नास वर्षांत कोणी काय बदललंय देव जाणे. मी न मोजता २६वाली मागवली आणि शाफ्टवर बसेचना, शनिवार सगळा गॅरेजच्या फरशीवर गेला!

फ्लायव्हीलचे दातेपण मोजा, १५३ असतील तर १०.४ इंची क्लच, १६८वर ११ इंचीही बसतो. थ्रोआउट बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणारं) जुनं अजिबात लावू नका, आणि डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं, म्हणजे मधल्या पट्ट्या, वाकड्या असतील तर आखूड बेअरिंग, सपाट असतील तर लांब बेअरिंग, हे उलटं झालं की क्लच नीट सुटतच नाही नाहीतर पेडलला फ्री प्लेच (सुरुवातीची मोकळी हालचाल) उरत नाही. फ्लायव्हील मशीन शॉपमधून घासून आणा, आणि उघडलंच आहे तर मागचं ऑइल सील ओलं आहे का तेही बघा, नव्या प्लेटवर तेल पडलं की संपलंच.

नंतर पहिले ५०० मैल शहरात हळू चालवा, बर्नआउट (जागच्या जागी चाकं फिरवणं) नको.