मदत हवी आहे: उघड्यावरच्या मेळ्यात ग्रुप बेली डान्स, व्हेलचं (हातात धरून नाचवायच्या मोठ्या झिरझिरीत ओढणीचं) काय करायचं?

आम्ही सहा जणी आहोत, एका कम्युनिटी मेळ्यात दुपारी बारा मिनिटांचा स्लॉट मिळालाय. स्टेज वगैरे काही नाही, गवतावरच नाचायचंय आणि प्रेक्षक तीन बाजूंनी. आत हॉलमध्ये सगळं नीट बसलंय, पण बाहेर प्रॅक्टिस केली की व्हेलचा नुसता वैताग, वारा आला की तोंडावर गुंडाळतं नाहीतर शेजारचीच्या कमरेच्या नाण्यांत अडकतं. हलकं सिल्क सोडून शिफॉन घेऊन बघितलं, ते जरा जड असल्यामुळे कमी उडतं पण ओढल्यासारखं दिसतं, तरंगतच नाही. अंतर वाढवलं तर जागा पुरत नाही.

म्युझिक आयोजकांच्या स्पीकरवर, उघड्यावर दरबुकाचा (हाताने वाजवायच्या ढोलकासारख्या वाद्याचा) 'दुम' म्हणजे खर्जातला ठोका विरून जातो आणि मागच्या दोघींना ठेका कळत नाही, म्हणून झिल्स (बोटांत घालायच्या छोट्या झांजा) वाजवायचा विचार आहे, पण हातात व्हेल असताना झिल्स जमत नाहीत (निदान आम्हाला तरी!). पायात सपाट डान्स शूज आहेत त्यामुळे गवताचं टेन्शन नाही. नवीन कोरिओग्राफी बसवायला वेळ नाही, क्रम बदलता येईल एवढंच.

ज्यांनी उघड्यावर ग्रुपमध्ये केलंय त्यांनी सांगा, व्हेल फक्त एन्ट्रीला घेऊन टाकून द्यायचं आणि पुढे झिल्स, असं केलं तर टाकलेलं व्हेल पायात येऊ नये म्हणून नेमकं कुठे आणि कसं सोडता? आणि झिल्स मधेच पटकन घालता, की आधीपासून बोटांत ठेवूनच व्हेल धरता येतं?