पार्किंगच्या भिंतीवरचं चित्र

आप्पा (बी-२०१): सर्वांना नमस्कार. पार्किंगच्या भिंतीवर चित्र कोणी काढलं? परवानगी कोणी दिली? ऑइलपेंट आहे, पुसलं जाणार नाही. बरं, काढायचं तर धड काढा. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकडे!

चेतन (ए-१०४): आप्पा, पाय बरोबर आहेत. तो ब्राझीलचा फुटबॉलपटू गारिंचा. उजवा पाय आत वाकलेला, डावा बाहेर, त्यात डावा आखूड.

आप्पा: ते ठीक. परवानगी?

ताई (सी-३०२): चित्राचं नंतर बघा हो. टाकीचा वॉल्व्ह कोण बंद करतं? आज परत नळ कोरडा.

चेतन: १९६२ च्या वर्ल्डकपात पेले दुसऱ्याच मॅचला जखमी झाला. कप यानेच आणला. इंग्लंडला दोन गोल, सेमीफायनलला चिलीला दोन.

दादा (बी-१०३): त्याच सेमीफायनलला लाथ मारली म्हणून बाहेर काढला, तेही सांग. तरी फायनल खेळला. वशिला तिथेही चालतो 😂

दादा: आमच्या पाहुण्यांच्या गाडीला मात्र इथे जागा नाही.

नाना (ए-००२): कापड गिरणीच्या गावचा पोरगा, आपल्या प्रताप मिलसारखीच गिरणी. कामालाही तिथेच, खेळायचाही गिरणीच्याच टीमकडून. उजव्या कडेला बॉल घेऊन नुसता उभा राहायचा. अंग डावीकडे टाकायचा, समोरचा अडवणारा बॅक तिकडे कलला की हा उजवीकडून पसार. मग थांबायचा, त्याला परत येऊ द्यायचा, पुन्हा तेच. कुठून जाणार हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक, तरी जायचाच. पेले आणि हा दोघं खेळले त्यातली एकही मॅच ब्राझील हरलं नाही.

काकू (सी-१०१): आणि १९८३ ला दारूने गेला, वय ४९. पोरांपुढे हाच आदर्श का?

दादा: काकू, थर्टी फर्स्टला गच्चीवर काय चालतं ते बोलू का?

काकू: बोला ना. नाव घेऊन बोला.

भाऊ (बी-३०४): कसाले भांडतस रे भो. पोरेस्नी काढं ते काढं.

आप्पा: मूळ प्रश्नाचं उत्तर अजून नाही. परवानगी कोणी दिली?

चेतन: आप्पा, रंगाचा डबा तुमच्या नातवाने आणला होता.

आप्पा: त्याच्याशी घरात बोलणं झालंय. मुद्दा परवानगीचा आहे.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी १० ला मीटिंग. तोवर चित्राला कोणी हात लावू नये. मेंटेनन्स थकलेल्यांनीही यावे 🙏

ताई: वॉल्व्ह??

नाना: सात नंबर पाठीवर असायचा, पोरांनी छातीवर काढलाय. मीटिंगआधी नीट करून घ्या.

आप्पा: नाना, तुम्ही नक्की कोणाकडून?