मदत हवी आहे: जूनमध्ये आई-बाबांना घेऊन शेटलंड

मंडळी, आम्ही लीड्सला राहतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येताहेत, तेव्हा 5 दिवस शेटलंड (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) करायचं ठरतंय. बाबांना पक्षी आणि जुने दगड, दोन्हींचं वेड. दक्षिण टोकाच्या सम्बरो हेड कड्यावरचे पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) ऑगस्ट लागला की समुद्रावर निघून जातात, म्हणून जूनच धरला. यार्ल्सहोफ, म्हणजे प्राचीन वस्तीचे दगडी अवशेष, तिथून जवळच, त्याची काळजी नाही.

अडलंय ते मूसा बेटापाशी. तिथे सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा, चुन्याशिवाय नुसते दगड रचून उभारलेला 13 मीटर उंच गोल बुरूज आहे. त्याच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल घरटी करतात. जेमतेम चिमणीपेक्षा मोठा पक्षी, शिकाऱ्यांच्या धाकाने रात्रीच किनाऱ्याला येतो. आणि जूनमध्ये तिथे धड अंधारच पडत नाही! म्हणून मूसाला जाणारी बोट रात्री उशिरा सुटते. आईचे गुडघे दुखतात. उतरल्यावर बुरुजापर्यंतची वाट कशी आहे? वयस्कर माणसांना कोणी नेलंय का?

दुसरं, ॲबर्डीन ते लर्विक (शेटलंडचं मुख्य गाव) बोट रात्रभराची, 12 तासांच्या वर. आई मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा पिशवी हातात धरून बसते. विमानाने जाऊन गाडी तिथेच भाड्याने घ्यावी, की केबिन घेतली की निभतं?

जेवण शाकाहारी. मेतकूट, थेपले नेतोच आहोत, पण स्वयंपाकघर असलेली राहायची जागा लर्विकला बघावी की दक्षिणेला, सम्बरोकडे? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.