बाबांच्या व्हीलचेअरसाठी घराचा आराखडा काढतेय, पण डिझाईनचं सॉफ्टवेअर काही केल्या जमत नाहीये

कोनाडा (प्रश्न)

नमस्कार. गेले तीन आठवडे रोज रात्री घरातलं आवरलं की मी लॅपटॉप उघडून बसते आणि साडेअकराच्या सुमारास रडकुंडीला येऊन बंद करते. आता कुणाला तरी विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

बाबांना पक्षाघात झाला. यापुढे ते व्हीलचेअरवरच असतील. पुढच्या महिन्यात ते माझ्याकडे राहायला येणार आहेत, त्याआधी शेवटची खोली आणि तिला लागून असलेलं बाथरूम त्यांच्यासाठी नीट करून घ्यायचंय. मला एवढंच बघायचंय की खुर्ची दारातून आत जाते का आणि आत गेल्यावर वळते का. गवंड्याला "जरा मोकळी जागा ठेवा" असं मोघम सांगून भागणार नाही. रोज सकाळी बाबांना तिथे न्यायचंय.

सगळ्यांनी सांगितलं की घराच्या डिझाईनचं सॉफ्टवेअर घे, सगळं थ्रीडीत दिसतं. पैसे भरून एक घेतलं. पहिला आठवडा नुसता भिंतींत गेला. मी माप ठरवून भिंत ओढते, सोडते, आणि ती शेजारच्या भिंतीला चिकटायला आपणहून सरकते. मागे घ्यावी तर कोपरा सुटतो. खोली चारही बाजूंनी बंद झाली की वर छप्पर येऊन बसतं. ते काढलं की पुढच्या भिंतीला हात लावताक्षणी परत हजर. माउसचं चाक जरा जोरात फिरलं की अख्खं घर पडद्यावरून नाहीसं होतं आणि ते शोधण्यात पंधरा मिनिटं जातात.

व्हिडिओही पाहिले. शिकवणारे भराभर दहा बटणं दाबतात आणि त्यांचं घर उभं राहतं. माझ्याकडच्या आवृत्तीत त्यातली निम्मी बटणं त्या जागी नाहीतच. मदतीची पानं उघडली की एका शब्दाचा अर्थ कळायला आणखी तीन शब्द शोधावे लागतात.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं, पण मापांनी मला हरवलंय. मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशा, प्रमाण, दिशा हे माझं रोजचं काम आहे. टेपने स्वतः मापं घेतली आहेत, दोनदा. एका रांगेत दोन खोल्या आणि बाथरूम: ३.६०, ३.०० आणि १.८० मीटर. त्यांच्या समोरून सरळ पॅसेज जातो, तो आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.७० भरतो. हेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये घातले की खोल्यांची बाजू ८.४० वर संपते, पॅसेजची ८.७० वर, आणि शेवटची भिंत तिरकी जाते. ती सरळ केली की बाकीचं सगळं हलतं.

बाथरूम १.८० बाय २.२० आहे. खुर्ची जागच्या जागी पूर्ण फिरायला १.५० मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं, असं फिजिओथेरपिस्टनी सांगितलंय. कमोड १.८० च्या भिंतीला आहे आणि भिंतीपासून ७० सेंटिमीटर पुढे येतो. तो पडद्यावर ठेवला की वर्तुळ बसतच नाही. मग बाथरूम आणि खोली यांच्यामधली भिंत पाडायची का? गवंड्याला आठ दिवसांत सांगायचंय.

सॉफ्टवेअर बदलू, की कुणाकडून शिकू, की माझंच कुठे चुकतंय? कृपा करून सांगा.

ओळंबा

ताई, अजिबात भिंत पाडू नका. आणि तुमची मापं शंभर टक्के बरोबर आहेत.

मी बरीच वर्षं ड्राफ्ट्समनचं काम करतो, नव्या मुलांना शिकवतोही. तुमचे आकडे वाचले आणि लगेच लक्षात आलं, कारण दर वर्षी कुणीतरी हेच घेऊन येतं. ८.७० वजा ८.४० म्हणजे ३० सेंटिमीटर. तीन खोल्यांच्या मध्ये भिंती किती? दोन. म्हणजे तुमच्या आतल्या भिंती १५-१५ सेंटिमीटरच्या आहेत. हे मला तुमच्या घरी न येता कळलं, कारण तुमची टेप खरं बोलतेय.

टेप भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून समोरच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजते. बरीच सॉफ्टवेअर मात्र भिंतीची लांबी तिच्या जाडीच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर धरतात. तुम्ही ३.६० लिहिलंत, त्याने ते मध्यापासून मध्यापर्यंत घेतलं, आणि दोन्हीकडची अर्धी अर्धी भिंत तुमच्या खोलीतून कापली. म्हणून पडद्यावरची प्रत्येक खोली एका भिंतीच्या जाडीइतकी लहान झाली. पॅसेजच्या वाटेत मधली भिंत येत नाही, तिथे ही वजाबाकी एकदाच झाली. खोल्यांच्या बाजूला तीनदा. म्हणून शेवटची भिंत तिरकी.

आता बाथरूमकडे बघा. पडद्यावर ते १.६५ बाय २.०५ झालंय. २.०५ मधून कमोडचे ७० सेंटिमीटर गेले की १.३५ उरतात, मग वर्तुळ कुठून बसणार? खऱ्या बाथरूममध्ये २.२० वजा ०.७० म्हणजे बरोबर १.५०. काठोकाठ आहे, पण बसतंय.

भिंत निवडून तिच्या गुणधर्मांत बघा, माप आतल्या कडेपासून धरायची सोय असेल तर ती घ्या. रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला 'लोकेशन लाइन' म्हणतात, इतरत्र नाव वेगळं असेल. नसेल तर प्रत्येक मापात एका भिंतीची जाडी मिळवा: ३.७५, ३.१५, १.९५. बेरीज ८.८५. पॅसेज ८.७० अधिक ०.१५, तोही ८.८५. जुळलं. बाहेरच्या भिंती जाड असतील तर त्या त्या टोकाला तिची अर्धी जाडी धरा.

छपराचं सोपं आहे. सेटिंगमध्ये छप्पर आपोआप बांधण्याची खूण असते, ती काढून टाका. तुम्हाला छप्पर लागणारच नाही. ही सॉफ्टवेअर अख्खं घर बांधणाऱ्यांसाठी केलेली असतात, त्यांच्या लेखी भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. तिला जाडी, थर, उंची असते, ती कुठल्या मजल्यावर आहे हेही त्यांना ठाऊक असतं. म्हणून एक भिंत हलवली की दहा गोष्टी हलतात. घर हरवलं की 'सगळं पडद्यात बसवा' अशा अर्थाची आज्ञा शोधा. स्केचअप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती शिफ्ट आणि झेड एकत्र दाबून मिळते. बहुतेक सगळ्यांत असतेच.

गुण्या

ओळंबांचं बरोबर आहे, पण मी म्हणेन की एका बाथरूमसाठी एवढं अवजड सॉफ्टवेअर वापरूच नका. स्वीट होम थ्रीडी मोफत आहे. कागदावरचा आराखडा स्कॅन करून मागे लावता येतो: त्यावर तुम्हाला माहीत असलेल्या लांबीची एक रेघ ओढायची, खरी लांबी लिहायची, की सगळं प्रमाणात बसतं. भूगोलाच्या बाईंना हे पाच मिनिटांत जमेल. भिंत ओढता ओढता एंटर दाबलं की लांबी टाइप करता येते, माउसने नेम धरत बसावं लागत नाही. चिकटणं नको असेल तर विंडोजवर ऑल्ट दाबून धरा.

फक्त तिथेही भिंत मधल्या रेषेवरच आखली जाते, त्यामुळे वरचा हिशेब करावाच लागेल.

ओळंबा

गुण्या, सॉफ्टवेअर चांगलं आहे, वाद नाही. पण ताईंनी तीन आठवडे घातलेत आणि हाताशी आठ दिवस आहेत. नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून बटणं शोधायची? अडचण बटणांची नव्हतीच, मोजण्याच्या रीतीची होती. ती सोबतच गेली असती. मी आहे त्यातच पुढे जा म्हणेन.

उंबरठा

माझ्या सासूबाईंसाठी मी हेच केलंय, म्हणून लिहिते. पडद्यावर वर्तुळ बसलं तरी दार विसरू नका. दार आत उघडत असेल तर त्याची फळी त्याच वर्तुळात फिरते, आणि आत कुणी पडलं तर दार उघडतही नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. दाराची रुंदी फळीवर मोजू नका. दार काटकोनात उघडून, फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. ती जागा निदान ८० सेंटिमीटर हवी, ९० मिळाली तर फारच बरं. आमची फळी ८० ची होती आणि मोकळे जेमतेम ७५ मिळाले. रोज बोटांची सालं निघायची.

आणखी एक. ७५ सेंटिमीटरची दोरी घ्या, एका टोकाला खडू बांधा, आणि बाथरूमच्या जमिनीवर वर्तुळ काढा. मग त्यात खुर्ची आणून फिरवा. खुर्चीत माणूस बसलेला हवा, कारण पाय पुढे येतात आणि कोपरं बाजूला. ते मला पडद्यावर कधीच दिसलं नाही.

ओळंबा

उंबरठाताईंचं ऐका. आणि काठोकाठ १.५० आहे हे विसरू नका. जुन्या टाइल्सवरच नव्या बसवल्या तर समोरची भिंत एक-दोन सेंटिमीटर पुढे येते, कमोडही पुढे सरकतो, आणि तुमचे १.५० गेले. जुन्या काढूनच नव्या बसवायला सांगा.

कोनाडा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहू शकले नाही कारण तेच करत होते.

ओळंबा, तुमचं उत्तर वाचून मी आधी कागदावर बेरीज केली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. तीन आठवडे मला वाटत होतं की टेप सैल धरली, आकडा चुकीचा वाचला. शाळेतून आल्यावर तीच भिंत चौथ्यांदा मोजत होते.

सॉफ्टवेअर बदललं नाही. आहे त्यात सगळं पुसून नव्याने काढलं: ३.७५, ३.१५, १.९५. समोरची बाजू न ओढता, न ढकलता जुळली. छपराची खूण सापडली, तिसऱ्या टॅबमध्ये होती. तरी एक अडचण आली. बाथरूमच्या भिंती मिटलेल्या दिसत होत्या पण ती जागा खोली म्हणून धरलीच जात नव्हती. जमीन येईना, क्षेत्रफळ येईना. एका तासाने खिडकीकडच्या कोपऱ्यावर झूम करत गेले, करत गेले, तेव्हा दोन भिंतींमध्ये बारीक फट दिसली. मोजली तर ३ मिलिमीटर. ती मिटवली आणि मध्ये आकडा उमटला, ३.९६ चौरस मीटर. १.८० गुणिले २.२० मी लगेच पाटीवर करून पाहिलं. तोच आकडा. आधीच्या फाईलमध्ये तिथे ३.३८ लिहून येत होतं आणि मी त्याकडे कधी बघितलंच नव्हतं. कुणी नवीन शिकत असेल तर त्यांनी हे आधी करावं: हाताने गुणाकार करा, आणि पडद्यावरच्या क्षेत्रफळाशी ताडून बघा.

काल संध्याकाळी भाड्याने खुर्ची आणली. खडूने वर्तुळ काढलं आणि मुलाला खुर्चीत बसवून फिरवलं. तो बाबांच्याच उंचीचा आहे. खुर्ची वळली. पण त्याचं डावं कोपर बेसिनच्या कडेला दोनदा लागलं, आणि बाबांची डावी बाजूच अधू आहे, त्यांना लागलेलं कळणारही नाही. बेसिन दाराकडच्या कोपऱ्यात नेतेय, खालून मोकळं, म्हणजे पाय आत जातील. दार बाहेर उघडणार. जुन्या टाइल्स काढणार. भिंत राहणार.

एकच शंका उरलीय. गवंड्याला देण्यासाठी आराखडा १:५० ने छापला. १.५० मीटरचं वर्तुळ कागदावर ३ सेंटिमीटर यायला हवं, ते २.८ येतंय. आता पुन्हा मापं बिघडली का?

गुण्या

मापं ठीक आहेत. छापताना 'पानात बसवा' ही खूण लागलेली असणार, प्रिंटर सगळं थोडं लहान करून छापतो. ती काढा, मूळ आकारात म्हणजे १०० टक्क्यांवर छापा. आराखड्यावर मापं आकड्यांतही लिहा, गवंडी पट्टी लावून मोजणार नाही.

कोनाडा

काढली. ३ सेंटिमीटर आलं. आकडेही लिहिले, आणि बेसिनच्या नव्या जागेवर लाल पेनने फुली मारली. उद्या सकाळी शाळेच्या आधी गवंड्याकडे देऊन येते.