स्फुरद वाहून जात नाही, अडकून बसतं

दरवर्षी खत टाकूनही माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) कमीच का दिसतं, या प्रश्नावर 'पाण्याबरोबर खाली जातं' असं कुणी कुणी म्हणतं. निव्वळ वाळूत ते खरं आहे, तिथे धरून ठेवायला काहीच नसतं. बाकी जमिनींत मात्र ते नत्रासारखं (नायट्रोजनसारखं) पळत नाही. डीएपीचा (नत्र-स्फुरद असलेल्या दाणेदार खताचा) दाणा विरघळला की त्यातलं स्फुरद दाण्यापासून जेमतेम काही मिलिमीटर सरकतं आणि तिथेच अडकतं.

कशात, ते मातीवर ठरतं. लाल, आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं त्याला घट्ट धरतात. चुनखडीच्या मातीत कॅल्शियमबरोबर संयुगं होतात, आणि ती जितकी जुनी तितकी विरघळायला चिवट. मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर त्यातल्या त्यात बरं.

म्हणून फोकून टाकण्यापेक्षा मुळांजवळ ओळीत पेरून द्या, मातीशी संपर्क कमी येतो. शेणखतही सोबत हवंच, सेंद्रिय आम्लं त्या पकडणाऱ्या जागा आधीच अडवतात. आणि हो, माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद मोजायची पद्धत ओल्सेन आहे की ब्रे, तेवढं बघा. चुनखडीच्या मातीला ब्रे लावली असेल तर तो आकडा धरूच नका.