नाव नसलेल्या बायका
कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या ओहायो-इंडियानाकडच्या पहिल्या वसाहतवाल्यांच्या मृत्यूच्या बातम्यांत बायकांची नावंच नसतात. बऱ्याचदा खरंय ते, वाचताना जीव तुटतो अगदी. 'अमक्याची रेलिक्ट' एवढंच, म्हणजे विधवा. पण त्यातली आजारांची नावं पण बघा, कन्झम्प्शन म्हणजे क्षय, ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी साठून सूज, आणि मिल्क सिकनेस, म्हणजे रानातली स्नेकरूट नावाची विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन माणसं जायची, अब्राहम लिंकनची आई नॅन्सी १८१८ मध्ये इंडियानात त्यानेच गेली असं मानतात, पोरगा तेव्हा ९ वर्षांचा. बाईचं नाव हवं असेल तर थडग्यावरचा दगड आणि घरच्या बायबलमधली जन्म-मृत्यूची पानं बघा, तिथे सापडू शकतं.